भावाचं भाषण तुम्ही लिहू नका

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय. भाऊ २७ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, सर्टिफिकेटवर ७५ टक्के. पालकांच्या ग्रुपने त्याला महापालिकेतल्या दिव्यांगांच्या बैठकीत पाच मिनिटं बोलायला बोलावलंय. आई म्हणते त्याला काय कळतंय, तूच दोन पानं लिही आणि पाठ करून घे. मोठा भाऊ म्हणतो नेऊच नका, उगाच हसं होईल. आणि त्यातच बँकेने सांगितलंय की खातं चालू ठेवायचं तर गार्डियनशिपचं, म्हणजे कायदेशीर पालक नेमल्याचं, पत्र आणा, मग ते आणलं की त्याचा बोलायचा आणि मत द्यायचा हक्क जातो का, हा शेवटचा प्रश्न.

मी २२ वर्षं विशेष शिक्षिका होते आणि आता ठाण्यात नौपाड्याला मोठ्या मुलांचा शनिवारचा गट चालवते (मुलं म्हणतेय पण सगळे २० ते ४५ चे आहेत, सवय जात नाही, त्यावरून गटात ओरडाही खाल्लाय). गटाचं काम एकच, प्रत्येकाने आपलं म्हणणं आपण सांगायचं. पुस्तकात याला सेल्फ अॅडव्होकसी म्हणतात, आम्ही 'माझं मी सांगणार' म्हणतो कारण तो आधीचा शब्द गटातल्या कोणालाच उच्चारता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जड जातो.

ताई, तुम्ही भाषणाचं विचारलंय, पण अडचण भाषणाची नाहीये. अडचण ही की तो जे बोलेल ते नक्की कोणाचं असेल. आई म्हणते तसं केलंत तर ते तुमचं असेल, मोठा भाऊ म्हणतो तसं केलंत तर काहीच नसेल.

आता काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. तो वाक्यात बोलतो का एकेक शब्दात, अनोळखी माणसांसमोर गप्प होतो का जास्त बडबडतो, आणि मुख्य म्हणजे त्याला जायचंय का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीये बघा. ७५ टक्क्यांवरून मला यातलं काही कळत नाही. तो आकडा सोशल मॅच्युरिटीच्या टेस्टवरून (रोजची कामं स्वतः किती जमतात ते बघणारी) येतो आणि त्याचे कप्पे ठरलेले आहेत, सौम्य असेल तर ५०, मध्यम असेल तर ७५, तीव्र ९०, मधलं काही नसतं. ७५ टक्केवाले दोन जण माझ्याकडे आहेत, एक घोडबंदर रोडवरून एकटा बस बदलून येतो आणि दुसऱ्याला जिना उतरताना हात लागतो.

पाठांतराबद्दल मात्र मी ठामपणे बोलते कारण ते पाप मी स्वतः केलंय. बरीच वर्षं झाली, ३ डिसेंबरचा दिव्यांग दिनाचा कार्यक्रम होता, मी एका मुलाला दीड पानाचं भाषण लिहून दिलं, 'आम्हाला दया नको संधी हवी' वगैरे, महिनाभर घोटून घेतलं. त्याने एक शब्द न चुकता म्हटलं, सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, मी रडत होते. मग व्यासपीठावरच्या एका साहेबांनी कौतुकाने खाली वाकून विचारलं, बाळा तुला काय हवंय सांग. तो ३० वर्षांचा बाळ थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि पहिल्या ओळीपासून भाषण परत सुरू केलं. लोक हसले, वाईट हेतूने नाही, पण हसले. परत येताना रिक्षात तो मला म्हणाला, सॅटिसवर गाडी येते, मी पाटी वाचेपर्यंत जाते, कंडक्टर ओरडतो मग मला नंबर विसरायला होतो. (सॅटिस म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरचा बसचा पूल.)

हे त्याने रिक्षात, गडकरीच्या सिग्नलला, मला एकटीला सांगितलं. जिथे सांगायला हवं होतं तिथे तो माझं बोलत होता. स्टॉपवर गाडी लागली की कंडक्टरने एकदा नंबर आणि शेवटचा थांबा मोठ्याने बोलावा, एवढीच मागणी होती, पैसाही लागत नाही त्याला.

तेव्हापासून मी कोणालाही भाषण लिहून देत नाही. पण 'तुला काय वाटतं ते बोल' म्हणून मोकळं सोडणं हेही तितकंच चुकीचं, कारण ज्याला २७ वर्षांत कोणी काही विचारलेलं नाही त्याला एका मंगळवारी माईकसमोर उभं करून मत विचारलं तर तो काय सांगणार. तयारी लागते. फक्त ती शब्दांची करायची नाही, निवडण्याची करायची.

यातला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 'हो'. आपल्या मुलांना हो म्हणायला आपणच शिकवलेलं असतं, हो म्हटलं की लोक खूश होतात, विषय संपतो, कोणी रागावत नाही. तुम्ही त्याला विचारा, बैठकीला जायचंय ना? हो म्हणेल. तासाभराने विचारा, घरीच थांबायचंय ना? तरी हो म्हणेल. मग यातला कुठलाच हो धरायचा नाही. त्याऐवजी दोन पर्याय समोर ठेवायचे, जमलं तर चित्र किंवा फोटो, एका हातात बैठकीच्या हॉलचा फोटो, दुसऱ्यात घरचा, आणि दुसऱ्या दिवशी हात बदलून परत विचारायचं, कारण पुष्कळ जण नुसतं शेवटचं ऐकलेलं किंवा उजव्या हातातलं निवडतात. तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी तेच आलं तर ते त्याचं उत्तर. आणि 'दोन्ही नको' हा पण पर्याय ठेवा, बहुतेक घरात तो नसतो. आम्ही गटाला मामलेदारला मिसळ खायला नेतो ते याच्यासाठी, तिथे तिखट किती हवी ते सांगावं लागतं, पहिल्यांदा सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, मी छताकडे बघते. एकाने तिखट मागवली, डोळ्यातून पाणी आलं, पुढच्या वेळी मध्यम मागवली. चुकीचं निवडायला मिळालं म्हणून तो बरोबर निवडायला शिकला. वेटरला मात्र आधी सांगून ठेवावं लागतं की घाई करू नको भाऊ.

तुमच्याकडे बैठकीला किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. तीन आठवडे असतील तर पुरे आहेत. पहिला आठवडा त्याच्या हातात फोन द्या आणि सांगा, जे आवडतं त्याचा आणि ज्याने त्रास होतो त्याचा फोटो काढ. काय काढायचं ते सुचवू नका. आमच्या एकाने आठवडाभर नुसते पंख्यांचे फोटो आणले, ३०-४० पंखे, घरातले दुकानातले स्टेशनवरचे, मी वैतागले होते, मला वाटलं त्याला विषयच कळला नाही. मग एकेक फोटो घेऊन बसलो, तर तो ज्या वर्कशॉपला जातो तिथे त्याच्या डोक्यावरचा पंखा उन्हाळाभर बंद होता आणि शेजारच्या ऑफिसातला चालू होता. बाकीचे सगळे फोटो चालू पंख्यांचे होते, तो मला दाखवत होता की बघ सगळीकडे चालतात. आता हे भाषण मी लिहिलं असतं तर त्यात पंखा आला असता का?

दुसऱ्या आठवड्यात त्या फोटोंतून त्याला एक निवडायला सांगा. एकच. आणि तीन वाक्यं, मी कोण, माझं रोज काय होतं, मला काय हवं. त्याच्याच शब्दांत, तो 'गाडी पळते' म्हणत असेल तर 'बस न थांबता मार्गस्थ होते' करायचं नाही. वाक्य जमत नसेल तर फोटो दाखवणं आणि एक शब्द हेही बोलणंच आहे, पाच मिनिटं दिलीत म्हणून पाच मिनिटं भरायची नसतात, आमच्या एकीने ४० सेकंदात काम आटपलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात घरात बैठक भरवा. मोठ्या भावाला साहेब करा, त्यांना आवडेल. मुद्दाम मधे बोलायचं, फोन घ्यायचा, 'बरं बरं, पुढे' म्हणायचं, कारण खऱ्या बैठकीत हे सगळं होणारच आहे. आणि त्याच्या खिशात एक लाल कार्ड द्या, ते वर केलं की थांबायचं, बाहेर जायचं, कोणी काही विचारायचं नाही. हे कार्ड घरातल्या सरावात एकदा तरी खरंच वापरू द्या नाहीतर त्याला वाटेल ते शोभेचं आहे.

तुम्ही त्याच्या शेजारी बसा, पुढे नको. तो थांबला की मनातल्या मनात दहा आकडे मोजा, अगदी हळू. मी सांगते ते दहा आकडे जन्मभराचे वाटतात, पण बहुतेक वेळा सात-आठला पुढचा शब्द येतो. त्याचं बोलणं कोणाला कळलं नाही तर तेवढंच परत म्हणायचं, भर घालायची नाही. 'म्हणजे त्याला असं म्हणायचंय की' हे वाक्य तोंडातून निघालं की समजा तुम्ही खुर्ची बळकावलीत. आणि टेबलापलीकडचे लोक त्याच्याकडे न बघता तुम्हाला विचारणार, याला काय होतं, हा काय करतो, कुठे जातो. तेव्हा भांडू नका, फक्त मान त्याच्याकडे वळवा आणि गप्प राहा. दोनदा असं केलं की समोरच्यालाही तिकडे बघावं लागतं.

आता मागणी कुठली हे त्याने ठरवायचं, पण ती कुठल्या टेबलावर ठेवायची हे तुमचं काम आहे. 'हे आमच्याकडे येत नाही' या एका वाक्याने कितीतरी चांगल्या मागण्या मेलेल्या बघितल्यात मी. टीएमटीची म्हणजे ठाणे पालिकेची बस, महापालिकेची शाळा, उद्यान, दिव्यांगांसाठी महापालिकेला राखून ठेवावा लागतो तो ५ टक्के निधी, हे पालिकेच्या बैठकीत मांडता येतं. पेन्शन म्हणजे संजय गांधी निराधार योजना असेल तर तहसीलदार. राज्याच्या पातळीवर दिव्यांग कल्याण विभाग २०२२ च्या डिसेंबरपासून वेगळा झालाय आणि आयुक्तालय पुण्याला आहे. तुम्ही पलीकडे नवी मुंबईत असता तर वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र (दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं) नाहीतर खारघरचं बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र इथेही विचारा म्हटलं असतं, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जाताही येतं म्हणा.

त्या ५ टक्के निधीबद्दल एक. मी ज्या ज्या बैठकांना गेलेय तिथे यातून काय द्यायचं याची चर्चा तीनचाकी, श्रवणयंत्र, स्टॉल, अनुदान अशी फिरते. ते हवंच, त्या लोकांनी भांडून मिळवलंय. पण आपल्या मुलांना रॅम्प लागत नाही, सोपं कळेल असं लागतं, आणि ते मागणारं त्या खोलीत सहसा कोणी नसतं. म्हणून आमच्या गटाने एकदा सोप्या मराठीत नोटीस ही मागणी धरली. मूळ नोटिशीत होतं, 'इच्छुक पात्र लाभार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह मुदतीत सादर करावेत'. गटाने दोन शनिवार बसून त्याचं केलं, 'पैसे मिळणार आहेत. फॉर्म भरा. आधार कार्डाची झेरॉक्स जोडा. शुक्रवारच्या आत द्या. अडलं तर खिडकी ४ वर विचारा.' एका ओळीत एकच गोष्ट, मोठी अक्षरं, शेजारी फॉर्मचं चित्र. तो कागद घेऊन गेलो, साहेबांनी वाचला आणि म्हणाले, हे आम्हाला आधी कोणी असं सांगितलंच नव्हतं. मागणी मान्य झाली असं नाही सांगणार मी, एका योजनेपुरती तशी नोटीस लागली, पुढच्या वर्षी साहेब बदलले, परत 'विहित नमुना' सुरू. आता परत जाणार आहोत.

धोरणं आपल्या मुलांना न विचारता झाली की कशी होतात त्याचं रेल्वेचं उदाहरण माझ्या फार डोक्यात बसलंय. रेल्वेच्या सवलतीच्या यादीत बौद्धिक दिव्यांग आहेत, चांगली सवलत आहे, पण कोणाला, तर जो सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही त्याला. म्हणजे माझ्याकडचा एक जण, ज्याला ठाणे ते वाशी एकट्याने लोकलने जायला शिकवण्यात आमची दीड वर्षं गेली, तो शिकला त्या दिवशी नियमाप्रमाणे सवलतीतून बाहेर पडला. सोबतीला आईला नेलं तर दोघांना सवलत, एकटा गेला तर पूर्ण तिकीट. मी हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग मी शिकलो ते चुकलं का? हा प्रश्न मी विचारला तर तक्रार होते, तो विचारतो तेव्हा समोरच्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून नेऊच नका या तुमच्या मोठ्या भावाच्या म्हणण्याला माझा विरोध आहे.

कायदाही आता त्याच्या बाजूने आहे, निदान कागदावर. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००६ चा, भारताने २००७ मधे मान्य केला, त्यात सरकारने धोरण ठरवताना दिव्यांगांशी सल्लामसलत करावी असं स्पष्ट आहे. त्यावरून आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात राज्य सल्लागार मंडळ आहे, जिल्हास्तरावर समिती आहे, मंडळात संस्थांच्या वतीने येणारे लोक शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत असंही आहे. पण 'दिव्यांग' म्हटलं की कोण येतं ते बघा, जे छान बोलू शकतात ते. बौद्धिक दिव्यांगांच्या जागी पालक येतात नाहीतर माझ्यासारख्या बाई.

आता गार्डियनशिप. इथे घाई करू नका.

२०१६ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, त्यात स्वतःचे पैसे सांभाळणं, बँकेचं कर्ज मिळणं हे धरलंय. कलम १४ मधे जी पालकत्वाची कल्पना आहे ती मर्यादित आहे, म्हणजे ठराविक निर्णयापुरती, ठराविक काळापुरती, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. शिवाय १९९९ चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे (ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांग अशांसाठीचा), त्यात १८ पूर्ण झालेल्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमू शकते, समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. बँका सहसा याच पत्राबद्दल बोलत असतात. पण त्याच कायद्यात समितीने दोन गोष्टी तपासायच्या आहेत, या माणसाला पालकाची गरज आहे का, आणि असली तर कशासाठी. हा 'कशासाठी' अर्जात तुम्ही जितका नेमका लिहाल तितकं भावाच्या हातात जास्त राहील.

तुमच्या केसमधे खरंच गरज आहे का? तो सही किंवा अंगठा करू शकतो, पैसे काढायचे म्हणजे काय ते त्याला साधारण कळतं, रक्कम छोटी आहे, असं असेल तर मी आधी बँकेला लेखी विचारेन की कुठल्या नियमाने पत्र मागताय, आणि कलम १३ चा उल्लेख करेन. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं, लेखी विचारलं की मॅनेजर फाईल उघडतो. प्रॉपर्टी आहे, वडिलांच्या मागे हिस्से व्हायचेत, मोठं ऑपरेशन आहे, अशा वेळी पत्र लागू शकतं आणि मी स्वतः काही घरांना ते करायला सांगितलंय, यात सरसकट नाही म्हणणारी मी नाही. एखादा वकील गाठा जो या दोन्ही कायद्यांत काम करतो.

बोलायचा हक्क कुठल्याही पत्राने जात नाही. आणि मत द्यायचं म्हणाल तर मतदार यादीतून वगळायला कायद्यात अट आहे की सक्षम कोर्टाने त्या व्यक्तीला मनोविकल जाहीर केलेलं असलं पाहिजे. ७५ टक्क्यांचं सर्टिफिकेट म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. त्याचं नाव यादीत नसेल तर फॉर्म ६, असेल तर फॉर्म ८ भरून दिव्यांग म्हणून नोंद करून घ्या.

आमच्या गटाने २० मे २०२४ ला लोकसभेला मत दिलं त्याच्या आधी महिनाभर पुठ्ठ्याच्या मशीनवर सराव केला होता. बटण दाबायचं, लाल दिवा, शेजारच्या काचेत ७ सेकंद चिठ्ठी दिसते ती बघायची, मग बीप. सात सेकंद आपल्याला कळतही नाहीत, पण चिन्ह शोधायला ज्याला वेळ लागतो त्याला आधी माहीत हवं की कुठे बघायचं. सोबत्याचा नियम आहे पण तो दृष्टिहीन आणि शारीरिक कारणाने अडणाऱ्यांसाठी, म्हणून आम्ही एकट्यानेच दाबायची तयारी करतो. ४३ वर्षांच्या एकाने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं आणि बाहेर आल्यावर आईने विचारलं कोणाला दिलंस, तर म्हणाला सांगायचं नसतं. आई रुसली दोन दिवस. मी पेढे आणले.

पालकत्वाबद्दल मी इतकी टोचून का बोलते ते सांगते. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याला ससूनमधे काढली गेली, कारण काय तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत वाद झाला, दोन्ही बाजूंनी शहाणे लोक बोलले. त्या मुलींना काय वाटतं हे मात्र त्या वादात कुठे आलं नाही. मी तेव्हा नुकतीच या क्षेत्रात येत होते आणि मलाही, आज लाज वाटते, तेव्हा डॉक्टरांचं पटलं होतं. पुढे २००९ मधे सुप्रीम कोर्टाने चंदिगडच्या एका बौद्धिक दिव्यांग बाईच्या केसमधे सांगितलं की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. पंधरा वर्षं लागली 'तिला विचारा' एवढं म्हणायला.

आता तुमच्या आईंबद्दल. 'त्याला काय कळतंय' हे वाक्य ऐकून त्यांच्यावर चिडू नका. त्यांच्या पिढीतल्या आयांनी आणि बापांनीच शाळा काढल्या, नॅशनल ट्रस्टचा कायदा व्हावा म्हणून दिल्लीच्या फेऱ्या मारल्या, तेव्हा त्यांच्या मुलांना कोणी दारात उभं करत नव्हतं. आणि मला संशय आहे की आईंच्या मनात दुसरंच काहीतरी आहे, जे बऱ्याच आया मला एकटीला गाठून सांगतात, की हा लोकांसमोर फार नीट बोलला तर कोणीतरी म्हणेल हा तर चांगला आहे, आणि सर्टिफिकेट काढून घेतील, पेन्शन जाईल. ही भीती वेडी नाहीये. सर्टिफिकेट टेस्ट आणि डॉक्टरांच्या तपासणीवर असतं, सभेत तीन वाक्यं बोलण्यावर नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. तरी एकदा सांगून पटणार नाही. त्यांना बैठकीला न्या, पण दोन रांगा मागे बसवा, कारण आई शेजारी असली की आमचे सगळे वाघ आईकडे बघून बोलतात.

ही चळवळ म्हणजे बाहेरून आणलेलं फॅड आहे असं एका पालकांनी मला ऐकवलं होतं. सुरुवात बाहेरच झाली हे खरं, ६० च्या दशकात स्वीडनमधे तरुणांचे क्लब निघाले, १९७४ मधे अमेरिकेत ओरेगनला गट जमला आणि त्यांनी नावच घेतलं 'आधी माणूस' अशा अर्थाचं, कारण त्यातल्या एकाला सारखं मंदबुद्धी म्हटलेलं नको होतं. पण आमच्या गटात 'मतिमंद' शब्दावर पहिली हरकत घेणाऱ्याने ओरेगनचं नाव ऐकलेलं नव्हतं. तो कोपरीचा आहे. शाळेच्या बसवर तो शब्द रंगवलेला होता आणि गल्लीतली पोरं तो वाचून ओरडायची, म्हणून तो एक स्टॉप आधी उतरायचा.

जे बोलतच नाहीत त्यांचं काय, हे कोणीतरी खाली विचारेलच म्हणून आत्ताच लिहिते. आमच्याकडे एक मुलगी आहे, शब्द नाहीत, तिने ताट सरकवलं की नको, हात धरून नेलं की हवं. तिच्या वर्कशॉपने जेवणाची वेळ दीड केली तेव्हा तिने आठवडाभर एक वाजता डबा आणून टेबलावर ठेवला, रोज. शेवटी वेळ परत एकची झाली. कुठल्या समितीत गेली नाही ती, पण मी तिला गटाची सगळ्यात यशस्वी सभासद मानते.

बैठक झाल्यावर दोन गोष्टी राहतात आणि त्या नेमक्या विसरल्या जातात. त्याची मागणी एका कागदावर त्याच्याच शब्दांत लिहून, त्याची सही घेऊन, आवक विभागात द्या आणि शिक्क्याची प्रत त्याच्याकडे ठेवा, त्याच्या फाईलमधे, तुमच्या नाही. मग महिन्याने त्याला घेऊन विचारायला जा. नाही म्हणाले तर 'नाही म्हणाले' हे त्याला सांगा, 'बघू म्हणालेत' असं गोड करून नको. त्याला वाईट वाटेल, वाटू दे, आपल्यालाही वाटतंच की.

आणि बैठकीची वेळ ११ ची असेल तर साडेबारा धरून चला. पाण्याची बाटली, त्याला आवडतं ते काहीतरी खायला, आणि पोचल्या पोचल्या आधी बाथरूम कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवा. जायचंच नाही असं त्याने तीनदा निवडलं असेल तर ग्रुपला तुम्ही नका कळवू, त्यालाच फोन लावून द्या.